दूरचित्रवाणीला जोडलेला संगणक

बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड हे गाव तेथील तांब्याच्या खाणीमुळे सर्वांना ठाऊक आहे. हिंदुस्तान कॉपरचा प्रकल्प तेथे १९८२ साली उभा राहिला. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, आणि आजही त्याची सीमा गोंदियाला लागून आहे. अशा ठिकाणी कामानिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबात मुलांची शाळा हिंदी आणि बाजारही हिंदी. मराठी उरते ती घरापुरती. तेथे आपल्या भाषेतील कार्यक्रम नियमाने मिळावेत, ही केवळ करमणुकीची बाब राहत नाही. त्यासाठी दूरचित्रवाणी संचाला संगणक जोडावयाचा झाल्यास खर्च कोठे करावा, ह्याचा विचार करू.

पुष्कळांचा समज असा की, यंत्र जितके भारी तितके चित्र चांगले. वास्तविक चित्राचा दर्जा प्रथम इंटरनेटच्या वेगावर ठरतो. स्पष्ट चित्राला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वेग पुरतो. अतिस्पष्ट, म्हणजे फोर-के चित्राला १५ मेगाबिट लागतो. तेवढा वेग नसेल, तर महागडा संगणकही चाक फिरवीत बसेल. म्हणून आधी वेग मोजावा, आणि राउटरपासून संगणकापर्यंत शक्यतो तारच ओढावी. जाड भिंतींमागे वायफाय दुबळे होते.

ज्या गावी नळाला धार बारीक, तेथे गृहिणी हंडे भरून ठेवते. संगणकाचा खरा उपयोग हाच. ५ मेगाबिटच्या हिशेबाने तासाभराच्या चित्राला सव्वादोन गिगाबाइट जागा लागते. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे ४४० तासांचा साठा राहतो. फ्री डिशला मासिक वर्गणी नाही, आणि तिच्यावर सह्याद्री वाहिनीही मिळते. संगणकाला उपग्रह-ट्यूनर जोडला, तर खुल्या स्वरूपात प्रक्षेपित होणाऱ्या वाहिन्यांचे कार्यक्रम वेळ लावून नोंदविता येतात. मुसळधार पावसात डिशचे चित्र तुटते. तेव्हा हा साठा उपयोगी पडतो.

हे सारे चालविण्यास 'कोडी' हा विनामूल्य प्रोग्रॅम सोयीचा आहे. २०१४ पूर्वी त्याचे नाव एक्सबीएमसी असे होते. तो स्वतः कोणताही कार्यक्रम पुरवीत नाही. आपल्याजवळचा साठा नीट मांडून दाखवितो. त्याच्या नावाखाली चोरीचे चित्रपट देणाऱ्या जोडण्यांपासून मात्र दूर राहावे.

आणखी एक गोष्ट विकत घेण्यापूर्वीच जाणून घ्यावी. वर्गणीच्या अनेक सेवा नक्कल होऊ नये म्हणून संगणकाच्या ब्राउझरला कमी दर्जाचे चित्र देतात. त्यांच्यासाठी दूरचित्रवाणीला लावण्याची लहानशी स्टिक अधिक बरी; संगणक साठवणीसाठी ठेवावा.

उरलेली मांडणी सोपी आहे. आवाज न करणारा लहान संगणक घ्यावा. एचडीएमआयच्या एकाच तारेतून चित्र व ध्वनी दोन्ही जातात. वीज अकस्मात गेल्यास डिस्कवरील नोंदी बिघडण्याचा संभव असतो. म्हणून संगणकामागे लहान यूपीएस अवश्य असावा.

सारांश, आधी इंटरनेटची जोडणी, मग डिस्क, आणि शेवटी यंत्र, असा खर्चाचा क्रम ठेवावा. हा क्रम उलटला, तर घरात झगझगीत पेटी येईल, पण संध्याकाळी मुलांच्या कानी मराठी पडेलच, ह्याची खात्री राहणार नाही.