कर्कटकाचा फिरता पाय

डिसेंबर १६०१ मध्ये लंडनच्या जॉन डन या कवीने चोरून लग्न केलं. वधू अ‍ॅन मोर अवघी सतरा वर्षांची आणि डन ज्यांचा चिटणीस होता त्या सर टॉमस एगर्टन यांच्या पत्नीची भाची. सासरा खवळला, डनची नोकरी गेली, काही काळ तुरुंगही पाहावा लागला. पुढची कितीतरी वर्षं संसार इतरांच्या मेहेरबानीवर चालला. इतकी किंमत मोजून मिळवलेली बायको घरी ठेवून १६११च्या अखेरीस तो सर रॉबर्ट ड्रुरी या आश्रयदात्याबरोबर फ्रान्सला निघाला. अ‍ॅन तेव्हा गरोदर होती.

डनचं चरित्र लिहिणारा आयझॅक वॉल्टन सांगतो, की निघताना डनने तिच्या हाती एक कविता ठेवली. रडू नकोस, असं विनवणारी. अभ्यासकांना ही हकिकत फारशी पटत नाही. पण नऊ कडव्यांची ती कविता विरहाचा विचारच बदलून टाकते. सामान्यांचं प्रेम डोळे-ओठ-हातांवर उभं असतं, म्हणून देह दूर गेला की ते कोसळतं. आपलं तसं नाही, आपले आत्मेच जोडलेले आहेत. सोनं ठोकलं तर तुटत नाही, पातळ होत पसरतं; दोघांतलं अंतरही तसंच. मग येतो प्रसिद्ध कर्कटक. एक पाय रोवलेला, दुसरा फिरणारा. फिरणारा लांब जाईल तसा रोवलेला त्याच्याकडे झुकतो आणि तो परतला की ताठ उभा राहतो.

अठराव्या शतकात समीक्षक सॅम्युएल जॉन्सनला या उपमेत खुळेपणा जास्त की हुशारी, असा प्रश्न पडला होता. डन आणि त्याच्या वळणाच्या कवींना ‘मेटाफिजिकल’ हे नाव चिकटलं तेही मुख्यतः त्याच्यामुळेच. जॉन्सनची तक्रार अगदीच चूक नव्हे. डन प्रेयसीची समजूत घालतो ती वकिलासारखी, मुद्द्यामागून मुद्दा मांडत. पण युक्तिवादाची ही घाईच सांगते, की भीती त्यालाही वाटते आहे.

भीती खरी ठरली. जानेवारी १६१२ मध्ये अ‍ॅनचं मूल मृत जन्मलं. पॅरिसात डनला ती केस मोकळे सोडून, मेलेलं मूल हाती घेऊन खोलीतून जाताना दिसली, अशी कथा वॉल्टनने चरित्राच्या १६७५च्या आवृत्तीत घातली, म्हणजे डनच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. डनची परदेशातली पत्रं मात्र घरची खबर नाही म्हणून हवालदिल झालेली आहेत. कवितेतले आत्मे जोडलेले होते, टपाल नव्हतं. बारावं बाळंतपण अ‍ॅनला सोसलं नाही. १६१७ मध्ये ती गेली.

विरहावर याच वळणाच्या इतर कवींनीही लिहिलं. अँड्र्यू मार्व्हेलने तर भेटीची आशाच सोडली: त्याचे प्रेमी समांतर रेषांसारखे, कधीच न भेटणारे. हेन्री किंगची पत्नी १६२४ मध्ये वारली. कवितेत त्याला स्वतःची नाडी तिच्याकडे निघालेल्या फौजेच्या नगाऱ्यासारखी ऐकू येते.

या सगळ्यांत बोलतो तो पुरुष. अ‍ॅनचं म्हणणं काय होतं? तिच्या हातचं एक पत्रही उरलेलं नाही. म्हणूनच वेल्समधल्या कार्डिगनला राहणारी कवयित्री कॅथरीन फिलिप्स (१६३२–१६६४) महत्त्वाची. मैत्रिणीवरच्या प्रेमाच्या कवितेत तिनेही कर्कटकच घेतला. तिच्याकडेही एक पाय स्थिर आहे, पण तो नुसता वाट पाहत नाही. फिरणाऱ्याची चाल तोच सरळ ठेवतो आणि दोघं एकमेकांच्या कलाने वळतात. इंग्रजी साहित्याच्या वर्गात डनची कविता नेमणाऱ्यांनी तिच्याशेजारी फिलिप्सचीही नेमावी.