हप्त्याचं गणित : पगार बदलणार आहे, अर्ज कधी करू?

रेपो दर हलला की आपला हप्ता कसा हलतो, ते आज सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. ढाणकीहून एका ताईंचं पत्र आलंय, आणि त्यांच्या एकाच घरात एक पगार चढणार आहे, दुसरा उतरणार आहे. असा प्रश्न हाती आल्यावर कर्ज विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

ताई जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक आहेत. 2024 च्या भरतीत लागल्या, येत्या मार्चात तीन वर्षं भरतात. मालक शेती बघतात, हळद आणि सोयाबीन. सासरेही गुरुजीच, येत्या मे अखेरीस निवृत्त होणार. प्लॉट घेऊन ठेवलाय. गृहकर्जाचा अर्ज आत्ताच करावा, की नियमित वेतनश्रेणीचा आदेश हाती पडल्यावर?

आधी आकडे मांडू. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला 2023 च्या जानेवारीपासून महिना 16,000 मानधन मिळतं. त्याआधी 6,000 होतं. बँक साधारणपणे हाती येणाऱ्या रकमेच्या निम्म्यापर्यंत हप्ता झेपेल असं धरते, कमी पगाराला त्याहूनही कमी. निम्मं धरलं तरी 8,000. साडेआठ टक्के दरानं, 20 वर्षांसाठी, लाखाला 868 रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज झालं नऊ लाखांच्या आसपास. गाडीचा हप्ता चालू असेल तर तो आधी वजा.

आता एप्रिलनंतरचं बघा. मूळ वेतन 29,200, त्यावर महागाई आणि घरभाडं, कपाती जाऊन हाती 42,000 पडले असं धरू. निम्मे 21,000, कर्ज 24 लाख. माणूस तोच, शाळा तीच, प्लॉट तोच. फरक एका आदेशाचा!

मग तो आदेश येणारच आहे, हे बँकेला आत्ता सांगून चालत नाही का? सांगा जरूर, पण साहेब मान डोलावतील आणि पगारपत्रक तीन महिन्यांचंच मागतील. उत्पन्न कागदावर उमटल्याशिवाय बँक ते मोजत नाही, आणि यात त्यांचं चुकत नाही. सातवा वेतन आयोग आठवा. लागू 1 जानेवारी 2016 पासून, पण राज्य कर्मचाऱ्यांच्या हाती नवा पगार पडायला 2019 उजाडलं, आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत विभागली गेली. तेव्हा ‘आयोग आला की फेडू’ म्हणून उसनवारी केलेली माणसं मी पाहिलीत. आता आठव्याच्या भरवशावर कोणी हप्ता वाढवून घेणार असेल, तर त्यानं थांबावं. पोफळीच्या वसंत साखर कारखान्याचे हंगाम बंद पडले, तेव्हा उलटी गोष्ट घडली. जुनी पगारपत्रकं चोख होती, पुढचा पगारच नव्हता. बँक मागचं बघते. पुढचं बघायचं काम आपलं.

म्हणून ताई, उत्पन्नाचे कागद शेवटी द्या, पण जमिनीचे आजच काढायला घ्या. वेळ खातात ते हेच. खरेदीखत आणि आधीच्या मालकांची साखळी, अकृषिक परवानगी, बँकेच्या वकिलाचा शोध अहवाल. ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना आठ जपून ठेवा, पण तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. बांधकाम परवानगी आता नगरपंचायतीकडून घ्यावी लागेल. हे सगळं जमेपर्यंत मार्च येतोच. आदेश यायला उशीर होतो, आल्यावर शालार्थमध्ये वेतन निघायला आणखी. नव्या पगाराची दोन-तीन पत्रकं हाती आली की अर्ज टाका. मंजुरी काही महिनेच टिकते, त्यामुळे आधी घेऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

आता सासरे. पत्रात त्यांची जन्मतारीख 1 जून लिहिलीय. वाचून हसू आलं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली ही तारीख आपल्याकडे घरोघरी सापडते. नियम असा, की वयाची 58 वर्षं ज्या महिन्यात भरतात त्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून 31 मे आला की कचेऱ्यांमधून माणसांची रांगच बाहेर पडते. कुण्या जुन्या हेडमास्तरांनी 2 जून लिहिलं असतं, तर या सगळ्यांना जूनचा पगार मिळाला असता! कर्जाची मुदतही याच कागदी तारखेवरून मोजतात, घरात आजी काहीही सांगो.

सासऱ्यांचं नाव सहकर्जदार म्हणून लावलं तर आज कर्ज भरघोस मिळेल, आणि मोह तोच आहे. पण त्यांचं मूळ वेतन 70,000 धरा. जुन्या योजनेत निवृत्तिवेतन 35,000. त्यातलं 40 टक्के अंशराशीकरण केलं, म्हणजे तेवढं विकून एकरकमी रक्कम घेतली, तर 14,000 पंधरा वर्षं कमी. उरले 21,000, महागाई मात्र पूर्ण 35,000 वर मिळते. आजच्या पगारावर बेतलेला हप्ता जूनपासून सोसवेल का, ते कागदावर मांडून बघा. निवृत्तीची तारीख बँकेपासून लपवण्यात तर काहीच मिळकत नाही. हप्ता भरायचाय तो आपल्यालाच.

माझं मत असं. हप्ता ताईंच्या नव्या पगारात बसेल एवढाच घ्यावा. सासऱ्यांच्या उपदानातला आणि अंशराशीतला जो भाग ते खुशीनं देतील, तो वर्षभरानं मुदलात भरावा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना 2012 पासून लावता येत नाही. आणि हळद? ती हिशेबात धरूच नका. हिंगोलीच्या बाजारात भाव साधला, तर त्या वर्षी एक जादा हप्ता भरा. शेतीचं उत्पन्न फेडीला लावावं, कर्ज वाढवायला दाखवू नये.

बांधकामात पैसे टप्प्यानं मिळतात, जोतं, स्लॅब, गिलावा असे. तोवर उचललेल्या रकमेवर नुसतं व्याज भरायचं, पूर्ण हप्ता नंतर. मंजुरीनंतर जोतं घातलं, तर पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत ताईंचा नवा पगार रुळलेला असेल आणि सासऱ्यांचं निवृत्तिवेतनही ठरलेलं. दोन्ही आकडे तेव्हा अंदाजाचे राहणार नाहीत.

रेपो दर पुढच्या आठवड्यात, नक्की. ताईंच्या हप्त्यालाही तो लागणारच आहे.