आधी सीलंट, मग मेण

बोरगाव मेघेचे ऊन ज्याने सोसले, त्याला गाडीचा रंग का उडतो हे सांगावे लागत नाही. वर्धेत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उन्हातला पत्रा त्याहून तापतो. कर्ज काढून घेतलेल्या जुन्या गाडीवर आमचे घर चालते. टप फिका पडला की तिचा भावही उतरतो.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. आधी मेण लावले, त्यावर सीलंट. ते टिकले नाही. कारण साधे आहे. सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमर. ते थेट रंगाला चिकटते. मध्ये मेणाचा थर आला की त्याला पकड मिळत नाही.

गाडी सावलीत, पत्रा गार असताना धुवावी. भांड्यांची पावडर वापरू नये, ओरखडे पडतात. कोरडी करून सीलंटचा पातळ हात द्यावा व पुसावा. डब्यावर लिहिलेला वेळ, बहुधा रात्रभर, पाणी लागू देऊ नये. मग कार्नौबा मेण लावावे. हे ब्राझीलमधील ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून मिळते. ते लवकर झिजते, म्हणून अधूनमधून पुन्हा द्यावे. जाड थराचा उपयोग नाही. तो पुसण्यातच जातो.

पक्ष्यांची विष्ठा ओल्या फडक्याने लगेच भिजवून काढावी. आणि लक्षात ठेवावे, उडालेला रंग मेणाने परत येत नाही. आहे तो जपता येतो. गाडी विकताना त्याचेच चार पैसे जास्त येतात, आणि ते मुलांच्या फीला लागतात.