संधिवाताची पुडी आणि हाडांचा जमाखर्च

हाड म्हणजे घराचा वासा, एकदां चढविला कीं मोडेपर्यंत तसाच राहावयाचा, असें आमच्या बहुतेक शेतकरी बंधूंस वाटतें. वस्तुतः हाड जिवंत आहे. जुना भाग कोरून काढणाऱ्या व नवा भाग भरणाऱ्या अशा दोन जातींच्या पेशी त्यांत जन्मभर राबत असतात. भरणी मागें पडली म्हणजे हाड आंतून पोकळ होऊं लागतें, आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं.

भरणी मागें पाडणारा एक रस शरीरांतच आहे. गाय, बैल, माणूस यांच्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. भय, उपासमार, जखम असें संकट आलें कीं त्यांतून कॉर्टिसॉल नांवाचा रस रक्तांत उतरतो. कोंबड्यांत त्याचेंच भावंड कॉर्टिकोस्टेरोन हा कारभार पाहतें. रक्तांतील साखर वाढवून तो जिवास तग धरावयास लावतो. दुष्काळी सालीं दुरुस्तीचीं कामें तहकूब ठेवून पैसा पोटाकडे वळवावा, तसाच हा प्रकार होय. घटकाभराच्या भीतीनें हाडांचें बिघडत नाहीं. परंतु तहकुबी महिनोगणती चालली म्हणजे भरणी करणाऱ्या पेशी थोड्या निपजतात व लवकर मरतात, आणि आंतड्यांतून चुना कमी शोषला जाऊन लघवीवाटें अधिक जातो.

अमेरिकेंतील शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांनीं १९३२ सालीं कांहीं रोग्यांचें वर्णन केलें: चेहरा वाटोळा, पोट सुटलेलें, पाठीचे मणके दबलेले. त्यांच्या शरीरांत हाच रस विनाकारण उतूं जात होता, हें पुढें कळून आलें.

सप्टेंबर १९४८ मध्यें मिनेसोटांतील रॉचेस्टर येथें डॉ. फिलिप हेंच यांनीं संधिवातानें जखडलेल्या एका बाईस याच जातीचें कॉर्टिझोन टोचलें. थोड्याच दिवसांत ती चालूं लागली! १९५० सालीं हेंच, केंडल व राइखश्टाइन या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. पण मात्रा चालू ठेवलेल्या रोग्यांत पुढें तेच वाटोळे चेहरे व तेच दबलेले मणके दिसूं लागले.

हें पुराण सांगण्याचें कारण असें कीं गुडघेदुखीवर बाजारांत पुड्या मिळतात. नांव झाडपाल्याचें, परंतु कांहींत डेक्सामेथासोनसारखीं औषधें मिसळलेलीं आढळलीं आहेत. वर्षांचें दुखणें तीन दिवसांत पळालें, तर आम्हांस आनंदापेक्षां संशयच अधिक वाटतो. हाडांचा ऱ्हास पहिल्या कांहीं महिन्यांतच सर्वांत वेगानें होतो, आणि मणके व बरगड्या प्रथम सांपडतात.

मात्र अशी पुडी महिनोगणती घेतली असल्यास ती एकदम टाकूंहि नये. आयता रस मिळाल्यानें ग्रंथी आळसावलेल्या असतात. अकस्मात् बंद केल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेततें. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावें; ते मात्रा हळूहळू उतरवितात. दमा वगैरे विकारांत हींच औषधें जीव वाचवितात, तेथें आमची तक्रार नाहीं. फक्त हाडांकरितां चुना व ड जीवनसत्त्व घ्यावें काय, हें विचारून घ्यावें.

गाभण गाईस तर हें इंजेक्शन पशुवैद्याखेरीज कोणाच्याहि हातून देववूं नये. दिवस भरत आले असतां डेक्सामेथासोननें गाय अकालीं विते.