विजेरीसाठी सेलची निवड
हातात मावणाऱ्या एलईडी विजेरीत अल्कलाइन सेल घालावा की लिथियमचा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला, तरी ऐन प्रसंगी प्रकाश मिळेल की नाही, हे बहुतांशी त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते. अल्कलाइन सेलमध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांची प्रक्रिया पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या जलीय द्रावणात चालते. त्याचा विद्युत्दाब सुमारे 1.5 व्होल्टपासून वापराबरोबर सतत उतरत जातो, आणि साध्या विजेरीचा उजेडही त्याच क्रमाने मंदावतो. लिथियम आणि आयर्न डायसल्फाइड यांच्या सेलचा दाब मात्र जवळजवळ अखेरपर्यंत स्थिर राहतो, त्यात पाण्याचा अंश नसल्यामुळे उणे 40 अंश सेल्सियसच्या थंडीतही तो काम देतो, आणि एए आकाराच्या अल्कलाइन सेलचे वजन सुमारे 23 ग्रॅम, तर याचे अवघे 15 ग्रॅम भरते. शिवाय, दीर्घकाळ पडून राहिलेल्या विजेरीचे झाकण उघडताच स्प्रिंगवर जमलेला जो पांढरा क्षार दृष्टीस पडतो, तो अल्कलाइन सेलच्या गळतीचा दाखला होय. म्हणून रोजच्या वापरासाठी स्वस्त अल्कलाइन सेल बेलाशक घ्यावा. परंतु आणीबाणीसाठी राखून ठेवलेल्या विजेरीत, किंमत कैकपट पडली तरी, लिथियमचाच सेल घालावा, आणि दोन्ही प्रकार एकत्र कदापि घालू नयेत.