लेकराचं तोंड वाकडं झालं? गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासा

सकाळी लेकरू चूळ भरतं आणि पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं. एक डोळा मिटत नाही. हसलं की तोंड एका बाजूला जातं. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "तोंडावरून वारं गेलं." मग कुणी लेप सांगतं, कुणी भगताकडं नेतं.

बहुतेक वेळा चेहऱ्याच्या नसेला सूज आलेली असते आणि लेकरू बरं होतं. पण क्वचित ही रक्ताच्या कॅन्सरची, म्हणजे ल्युकेमियाची पहिली खूण असते. हाडांच्या मगजात तयार झालेल्या खराब पेशी मेंदूच्या आवरणात, नसांभोवती जाऊन बसतात. मग कुणाचं तोंड वाकडं होतं, कुणाला एकाचे दोन दिसतात, कुणाचं डोकं दुखून उलट्या होतात, फिट येते. मणक्यात दाब आला तर पाय लुळे पडतात, लघवी अडते. ताप, फिकेपणा, अंगावर निळे डाग, हाडं दुखणं ही नेहमीची लक्षणं तेव्हा दिसतीलच असं नाही. इथंच फसगत होते.

खरी गोम स्टेरॉइडच्या गोळीत आहे. तोंड वाकडं झालं की ती अनेकदा दिली जाते. पण ल्युकेमियाच्या इलाजातही हेच औषध असतं, कारण त्यानं त्या पेशी मरतात. आधीच नुसती गोळी दिली तर लेकरू थोडे दिवस सुधारल्यासारखं दिसतं, आजार झाकला जातो, निदान लांबतं. म्हणून गोळीआधी डॉक्टरांना सीबीसीचं विचारा. डेंग्यूत 'पेशी' बघायला करतो तीच तपासणी, तालुक्याला सहज होते. सोबत रक्ताची स्लाइडही बघायला सांगा. रिपोर्ट चांगला आला तरी लेकरू सुधारत नसेल, तर पुन्हा दाखवा.

शंका आली तर मोठ्या दवाखान्यात हाडाचा मगज आणि मणक्यातलं पाणी तपासतात. मणक्यातल्या सुईनं पोरगं अधू होतं, ही भीती गावोगाव आहे. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत, म्हणून मेथोट्रेक्सेट हे औषध त्याच सुईनं मणक्यातल्या पाण्यात सोडतात. लहान मुलांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचा इलाज साधारण 2 ते 3 वर्षं चालतो. पूर्ण केला तर बहुतेक मुलं बरी होतात. मधेच बरं वाटलं म्हणून सोडला, तर आजार उलटतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड, आधार आणि आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. स्टेरॉइड दिलं गेलं असेल तर ते पहिल्यांदा सांगा.