सबवूफर आणायचा की नाही?

तुमसरला बहिणीकडे गेलं की भाचा मला धड चहासुद्धा घेऊ देत नाही. या खेपेला तर दारातच म्हणाला, "मामा, धान विकलं. बाबा पाच हजार देतो म्हणाले. सबवूफर आणायचा, तुम्ही फक्त हो म्हणा!"

मुलांनो, ढोलाचा, डग्ग्याचा खालचा घुमारा काढणारा वेगळा मोठा स्पीकर म्हणजे सबवूफर. आपल्या कानाला सेकंदाला साधारण 20 ते 20,000 कंपनांचे आवाज ऐकू येतात. त्यातली तळाची, शंभर-सव्वाशेच्या खालची कंपनं हा सांभाळतो.

बहिणीच्या घरी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर आहेत. मोबाइल वायरने जोडायचा की गाणी सुरू. भाच्याची तक्रार एकच, "ढोल वाजतच नाही." आजीची मात्र अगदी उलटी. "मले कीर्तनातले शब्द समजत नाहीत ना बापा! आणि हा म्हणते, आणखी धडधड आणतो."

आजीचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका बरं का. वय वाढलं की आधी वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात आणि स, श, फ, त ही अक्षरं ओळखण्याच्या खुणा नेमक्या तिथेच असतात. मग 'सात', 'हात', 'भात' सगळे सारखेच वाटू लागतात. अशा वेळी खालचा घुमारा वाढवला तर उरलेसुरले शब्दही दडपले जातात. पैसे एकाच गोष्टीपुरते, आणि घरात दोघांची मागणी दोन दिशांना!

तरी दुकानात गेलो. एका खोक्यावर ठळक छापलं होतं, '2000 वॅट पीएमपीओ'. भाच्याचे डोळे चमकले. मी खोकं फिरवून मागची बारीक पट्टी त्याला वाचायला लावली. विजेचा वापर 40 वॅट! जे यंत्र भिंतीतून 40 वॅट घेतं, ते सतत 2000 वॅट देणार कुठून? पीएमपीओ हा आकडा मोजायची एक ठरलेली रीतच नाही. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट मोठा वाटत नाही. 10 वॅटचे 20 केले तर फक्त 3 डेसिबलची भर पडते. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट, म्हणजे 100 वॅट लागतात. आम्ही काही न घेता परत आलो. भाचा वाटभर गप्प.

घरी येऊन स्पीकर नीट पाहिले. दोन्ही लोखंडी कपाटाच्या टोकावर, छताजवळ, तोंडं कुठेतरी भलतीकडे. वरच्या पट्टीतला आवाज बॅटरीच्या झोतासारखा समोर जातो, सगळीकडे पसरत नाही. तो आजीच्या डोक्यावरूनच जात होता. मग वायरी पाहिल्या आणि मी कपाळावर हात मारला. एका स्पीकरला लाल वायर लाल खुंटीला होती, दुसऱ्याला काळ्या खुंटीला!

याने काय होतं? एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. खालच्या आवाजात ही ढकलाढकल एकमेकांना खाऊन टाकते. ढोल हरवला होता तो इथे.

खात्री करायला भाच्याला म्हटलं, "आण एक दीड व्होल्टचा सेल." (हा प्रयोग मोठ्यांना सोबत घेऊनच करा. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढा, स्पीकरच्या वायरी त्याच्यापासून सोडवा.) सेलचं धन टोक लाल वायरीला आणि ऋण टोक काळीला क्षणभरच टेकवायचं. 'टक्' आवाज होतो आणि पडदा पुढे सरकतो. मागे गेला तर जोडणी उलटी समजा. सेलमधली काळी भुकटी मँगनीज डायऑक्साइडची असते. सेलसाठी लागणारं हे खनिज आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघतं, हे सांगितल्यावर भाच्याने सेल दोनदा उलटसुलट पाहिला.

वायर बदलली, स्पीकर आजीच्या खुर्चीसमोर, कानाच्या उंचीच्या दोन स्टुलांवर ठेवले. ढोल परत आला! आजी म्हणाली, "थोडं कमी कर, समजते आता."

मात्र एका स्पीकरमधून फरफर ऐकू येत होती. जाळी काढली तर पडद्याच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन गळाला. पंधरा-वीस वर्षांत, विशेषतः दमट हवेत, असा फोम कुजतोच. पण तेवढ्यासाठी स्पीकर फेकायचा नसतो, नवी कडा चिकटवून मिळते. दुरुस्ती करणाऱ्याने दोन्ही स्पीकरचे मिळून सांगितलेले पैसे पाच हजारांच्या पुष्कळ आत होते.

तोवर भाच्याने मोबाइल पितळेच्या गुंडात ठेवून पाहिला. आवाज मोठा झाला, पण गाण्याबरोबर गुंडही आपला सूर लावू लागला. भंडाऱ्याचं पितळ ठणठणीत वाजणारच! स्पीकरची पेटी मात्र स्वतः न वाजणारी, जाड, मुकी हवी, म्हणून ती लाकडाची करतात.

स्पीकर दुरुस्तीला गेले आहेत. उरलेले पैसे बहिणीच्या डब्यात आहेत. सबवूफरचा विषय दिवाळीत पुन्हा निघेल, असं भाच्याने मला आत्ताच बजावून ठेवलंय.